न रुजलेल्या दहा गाठी

१

पनवेल बंदराजवळ भात संघाचं दगडी गोदाम होतं. १९५८ सालच्या मे महिन्यातल्या एका सकाळी त्या गोदामाच्या ओट्यावर उलव्याची हौसाबाई मांडी घालून बसली होती आणि तिच्यापुढे ओल्या फडक्याच्या चाळीस पुरचुंड्या ओळीने मांडल्या होत्या.

आत बियाण्याची चाळीस पोती होती, दहा-दहाचे चार थर. तीन दिवसांपूर्वी गणू हमालाने एकेक थर उतरवला होता आणि हौसाबाईने प्रत्येक पोत्यात पोकळ लोखंडी नळी खुपसून मूठभर भात काढलं होतं. ते भिजवून, फडक्यात बांधून, पेंढ्याखाली उबेला ठेवलं होतं. आज गाठी सोडायच्या होत्या. ज्या पुरचुंडीतल्या दाण्यांना पांढरी नाकं फुटली, ते पोतं पेरायला चांगलं. इतकी साधी परीक्षा.

पहिली गाठ सुटली. दाण्यादाण्याला मोड. दुसरी तशीच, दहावी तशीच. हौसाबाईचा चेहरा खुलत गेला. हे बी उलव्याच्या साठ घरांनी पिकवलं होतं, पण कापणीआधी शेताशेतातून फिरून लोंबी न लोंबी निवडली होती तिने. राता भात. तांबूस, जाड, दिसायला ओबडधोबड. पण खाडीचं खारं पाणी पिऊन गेलेल्या जमिनीत तग धरावा तर त्यानेच.

तिसावी गाठ सुटली तेव्हा ती म्हणाली, "गणू, चहा सांग सगळ्यांना."

एकतिसाव्या गाठीत मोड नव्हते.

तिने ती बाजूला ठेवली आणि बत्तिसावी सोडली. मग तेहतिसावी. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. चाळिसावी गाठ सोडून झाली तेव्हा हौसाबाईच्या डाव्या हाताला तीस हसऱ्या पुरचुंड्या होत्या आणि उजव्या हाताला दहा मुक्या. दाणे ओले होते, फुगले होते, पण एकालाही जीव नव्हता.

आज बुधवार. रविवारी बारा गावांची माणसं बियाणं न्यायला येणार होती.

हौसाबाईने एक दाणा सोलला आणि दाढेखाली धरला.

"काय झालं, काकी?" गणूने विचारलं.

"माजं बी हे नाय," ती म्हणाली. "कोनीतरी बदललंय."

२

या गोदामाची गंमत अशी होती की त्याला दोन कुलपं होती.

उलव्याच्या खार शेतकरी मंडळीकडे बी होतं, पण खाडीच्या दमट हवेत ते कोरडं राहील अशी जागा नव्हती. पनवेलच्या भात संघाकडे दगडी गोदाम होतं, बैलगाड्या होत्या, गावोगावची ओळख होती. पण खाऱ्या जमिनीचं बी नव्हतं. दोघांनी हातमिळवणी केली तर खाडीकाठच्या बारा गावांच्या ओसाड खाचरांत भात उभं राहील, हे एका पोरालाही कळलं असतं. फक्त दोन माणसांना ते पटायला दोन वर्षं लागली. मंडळीचे अध्यक्ष धर्मराज आणि संघाचे चिटणीस काशिराम मास्तर.

काशिराम मूळचे करंजाड्याचे, पूर्वी शाळामास्तर, नियम म्हणजे नियम. धर्मराज उलव्याचा, उंचापुरा, आवाज असा की खाडीच्या या तीरावरून बोलला तर त्या तीरावरची कुत्री उठावीत. आठ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नात मानपानावरून दोघांचं बिनसलं, ते आजतागायत एकमेकांशी बोलत नसत. करार झाला तोही तिसऱ्याच्या तोंडून. एक किल्ली मंडळीकडे, एक संघाकडे. दोघं हजर असतील तरच दार उघडायचं.

आता दोघंही ओट्यावर उभे होते आणि मध्ये हौसाबाई होती.

"हौसा, त्यांना सांग," धर्मराज म्हणाला, "चाळीस पोती आमी दिली, ती चाळीस चांगली होती."

"हौसाबाई, त्यांना सांगा," काशिराम म्हणाले, "चाळीस पोती मोजून घेतली, कुलपं दोन्ही शाबूत आहेत. एक किल्ली त्यांच्या कमरेला असते."

"आनि दुसरी त्यांच्या खिशात असते, तेपन सांग."

"दोगंपन ऐकताय ना एकमेकाचं?" हौसाबाई म्हणाली. "मग माजं ऐका. या दाण्याला काय झालंय ते मला कळलंय."

तिने दोघांच्या तळहातावर पोत्यातला एकेक कोरडा दाणा सोलून ठेवला. "चावा."

दोघांनी चावला. काशिरामांच्या दाताखाली दाणा पिठासारखा फुटला. धर्मराजच्या दाताखाली कट्‌ असा आवाज झाला.

"मास्तरांचा दाना चांगल्या पोत्यातला. तुजा वाईट पोत्यातला, धर्मा दादूस. कसा लागला?"

"काचेसारखा."

"उकडा हाय तो. राताच हाय, वरून बगितलं तर मीपन फसले. पन उकडून वाळवलेला. खायला उत्तम. पेरला तर सात जन्मांत उगवनार नाय."

काशिरामांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे चोरी. मी दुपारी फौजदाराकडे जातो. आणि रविवारचं वाटप रद्द. करारही."

"त्यांना सांग," धर्मराज म्हणाला, "करार मोडायला मी त्यांच्या आदी तयार हाय."

हौसाबाईला पुढचं दिसलं. करार मोडला तर उरलेली तीस पोतीही अडकणार, फौजदाराचा शिक्का बसणार आणि तोवर पेरणीचे दिवस निघून जाणार. बारा गावं आणखी एक वर्ष ओसाड.

"मला शनिवारपर्यंत द्या," ती म्हणाली. "बी माजं हाय. मी शोधते."

दोघांनी आठ वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी मान हलवली, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

३

हौसाबाईला अक्षर येत नव्हतं. पण भात वाचता येत असे, आणि भाताला हात लावलेली माणसंही. तिने सुरुवात गणूपासून केली.

"ही धा पोती खालच्या थरातली ना?"

"अगदी तळाची. वर तीस होती."

"थर उतरवताना काय दिसलं?"

गणूने डोकं खाजवलं. "काय दिसनार? धूळ. पोत्यांच्या फटींतून कोळ्यांची जाळी, ही दाट. माझ्या मिशीला चिकटली."

हौसाबाई हसली. "बस. गोदामात कोनी चोरी केली नाय."

"ते कसं काय?"

"तळातली पोती बदलायची तर वरची तीस हलवायला नकोत? मग जाळी राहिली असती? थर लावला त्या दिवसापासून त्याला कोनी शिवलं नाय. म्हनजे बदललेली पोती पयल्यांदाच आत गेली. कुलपं लागायच्या आदी."

दोन्ही किल्ल्या त्या क्षणी संशयातून सुटल्या. पण काशिरामांना आणि धर्मराजला तिने हे सांगितलं नाही. चोर तिसराच आहे हे कळलं की काशिराम लगेच फौजदाराकडे जातील, त्यापेक्षा दोघं अजून दोन दिवस एकमेकांवर संशय घेत बसलेले बरे, असा तिचा हिशेब.

मग हौसाबाई ती दहा पोती बघायला बसली. प्रत्येकावर काव लावून ओढलेला तांबडा टिळा होता, तिने उलव्याला लावला होता तसाच. पण पोत्याचं तोंड शिवण्याची तिची तऱ्हा साधी. दाभणाने सरळ टाके, शेवटी दोन वेढे. या दहांवर टाकाटाका गाठीने आवळलेला होता. तिने एक गाठ ओढून बघितली. ओढली तशी ती आणखी घट्ट झाली.

ही गाठ तिला माहीत होती. जाळं विणणाऱ्या बायकांची गाठ.

"गणू, एक चांगलं पोतं काट्यावर घाल. मग यांतलं एक."

गणूने घातलं. मग दुसरं घातलं, तिसरं घातलं, आणि स्वतःच चक्रावला. "काकी, ही धाही जड हायत. पायली-पायली भात जास्त हाय."

हौसाबाई ओट्यावर येऊन बसली. समोर गाड्यांमधून मिठाच्या गोणी उतरत होत्या, बैल शेपट्या हलवत होते. असा चोर तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. चांगलं खाण्याचं भात देऊन गेला, तेही पदरचं पायलीभर जास्त घालून. त्याला धान्य नको होतं. धान्य त्याच्याकडे होतंच. त्याला फक्त रुजणारा दाणा हवा होता.

पण ज्याच्याकडे इतकं भात आहे, त्याच्याकडे पेरायला मूठभरही का नसावं? कुठल्या गावाने आपलं अख्खं पीक उकडून टाकलं असेल, बियाण्यालाही न ठेवता?

उत्तर मनात आलं तशी ती ओट्यावरून उठून उभी राहिली. कारण त्या गावाची बाई याच ओट्यावर येऊन गेली होती, आणि तेव्हा हौसाबाई गप्प बसली होती.

४

तरीही एक कोडं उरलंच. पोती बदलली कुठे?

उलव्याला चाळीस पोती होडीवाल्या ताहेरच्या मचव्यात चढली ती हौसाबाईने स्वतः पाहिली होती. पनवेलच्या बंदरात चाळीस उतरली ती काशिराम आणि धर्मराज दोघांनी मोजली होती. मोजली होती, पाहिली नव्हती. मध्ये होती ती फक्त खाडी, मचवा आणि ताहेर.

ताहेर तिला मावशी म्हणत असे. त्याची आई हव्वाबी आणि हौसाबाई तीस वर्षांच्या मैत्रिणी. शुक्रवारी सकाळी हौसाबाई बंदराच्या मोहल्ल्यात गेली तेव्हा हव्वाबीने फणसाची सांदणं केली होती.

"बस. आधी खा, मग बोल," हव्वाबी म्हणाली. "तुझं तोंड का उतरलंय?"

"बियान्याची चिंता."

"अल्ला करील ते बरंच करील. ताहेर रात्रंदिवस त्या बियाण्याचंच बोलतो. गेल्या आठवड्यात तर जेवताना म्हणाला, अम्मी, पेरणी होऊ दे, मग माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मी म्हटलं, तुझं कसलं ओझं, तू तर नुसती वाहतूक केलीस."

हौसाबाईने सांदण मोडलं. "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याने पोती आनली. याद हाय तुला?"

"आहे तर. त्या दिवशी माझं त्याच्याशी भांडण झालं. सकाळच्या भरतीला आला, तासा-दोन तासांत पोती उतरली. मी घरी जेवण करून वाट बघतेय. शेवटी डबा घेऊन मीच बंदरावर गेले. असरची नमाज झालेली, दिवस कलत आलेला. खाडीत अर्धं पाणी चढलेलं, दुसरे रिकामे मचवे निघून चालले होते. मी म्हटलं, चल घरी तरी ये, नाहीतर निघ तरी. म्हणतो कसा, पाणी पुरतं भरल्याशिवाय निघता येत नाही. होडीवर शीड पसरून तिथंच बसून राहिला. दिवस बुडून मगरीबची बांग झाली तेव्हा हलला."

"रिकाम्या मचव्याला एवढं पानी लागतं?"

"मीही तेच विचारलं. मला म्हणाला, अम्मी, तुला होडीतलं काय कळतं." हव्वाबी हसली, मग थांबली. मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे तिने निरखून पाहिलं. "हौसा. माझ्या मुलाने काही वाईट केलंय का?"

हौसाबाईने तिचा हात हातात घेतला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"वाईट केलं का चांगलं केलं, ते मला उद्या कळेल," ती म्हणाली. "पन तू दिलेल्या संस्कारात कमी नाय, एवडं मला आजच कळलं."

५

शनिवारी सकाळी ओहोटी लागत होती. ताहेरच्या मचव्यात तीन माणसं चढली. पुढच्या टोकाला धर्मराज, मागच्या टोकाला काशिराम आणि मधोमध हौसाबाई.

"कुठं न्यायचं, मावशी?" ताहेरने विचारलं.

"तू संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला होतास तिथं."

ताहेरचा सुकाणूवरचा हात एक क्षण थांबला. मग त्याने शीड सोडलं.

खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत होती. वारा अनुकूल होता. हौसाबाईने लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतला आणि सांगायला सुरुवात केली. जाळी सांगितली, म्हणजे किल्लीवाले दोघं सुटले. काशिरामांनी धर्मराजकडे पाहिलं, धर्मराजने पाण्याकडे. मग तिने गाठ सांगितली, जाळं विणणाऱ्या बायकांची. पायलीभर जास्तीचं भात सांगितलं.

"आता मला सांगा, मास्तर. कापनीच्या वेळी शेतात भारे पडलेत आनि त्यांवर समुद्र आला, तर काय करतात?"

"भिजलेलं भात कुजतं. नाहीतर पेंढ्यातच मोड येतात."

"वाचवायचं कसं?"

काशिराम हळूहळू म्हणाले, "उकडायचं. ताबडतोब, सगळंच्या सगळं." आणि त्यांचा आवाज बसला. "तिवरपाडा."

तिवरपाडा म्हणजे न्हाव्याजवळची, शेतीबरोबर जाळी विणणारी चाळीस उंबऱ्यांची वस्ती. गेल्या आश्विनात अमावास्येच्या उधाणाने तिथला बांध फुटला होता, अशी मोठी खांड पडली होती की माणूस उभा बुडावा. मार्गशीर्षात तिथली चंद्रावती नावाची बाई संघाच्या ओट्यावर आली होती. आम्हांलाही करारात घ्या, बी द्या, असं म्हणत होती. काशिरामांनी विचारलं होतं, तुमची नोंदलेली सोसायटी आहे का? नाही. मग नियमात बसत नाही. धर्मराज म्हणाला होता, बारा गावांनाच पुरेल का नाय ते बघायचंय. त्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं होतं.

"आनि मी तिथंच बसले होते," हौसाबाई म्हणाली. "बी माजं. मला एक शब्द बोलता आला असता. मी सुपारी कातरत बसले."

सुकाणूपाशी ताहेर होता. तिने मागे वळून पाहिलं.

"तू तिवरपाड्याला उकड्या भाताची धा पोती चढवून एका टोकाला झाकून ठेवलीस. ताज्या टिळ्याची. मग उलव्याला आमची चाळीस. बंदरात चाळीस उतरवलीस, पयली धा त्यांची, मग तीस आमची. धा चांगली शिडाखाली राहिली. म्हनून तुला पुरती भरती लागली. रिकामा मचवा अर्ध्या पान्यावर निगतो, बाबा."

"हो, मावशी," ताहेर म्हणाला. "सगळं खरं आहे."

"का रे?" धर्मराजने विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"त्या उधाणाच्या दिवशी माझा मचवा तिवरपाड्याच्या काठाला होता. दोर तुटला, खडकावर आपटणार होता. अख्खा पाडा धावत आला आणि कमरेभर पाण्यात उभं राहून त्यांनी तो ओढून काढला. त्यात तासभर गेला. तेवढ्यात बांध फुटला. तो तासभर त्यांना मिळाला असता तर त्यांचे भारे उचलून झाले असते." त्याने सुकाणू वळवलं. "माझी होडी राहिली, त्यांचं बी गेलं. ते मला कधी बोलले नाहीत. मलाच झोप येईना. चंद्रावतीताई नको म्हणत होती. मीच तिला भरीस घातलं. फौजदाराला सांगायचं तर माझं नाव सांगा."

मचवा वळणावरून पुढे आला. समोर तिवरपाड्याचा बांध दिसला, आणि त्या बांधावर माणसांची रांग उभी होती.

६

पण ती माणसं पाहुण्यांसाठी उभी नव्हती. हातोहात चिखलाची ढेकळं पुढे सरकत होती. खांड बुजवायचं काम चाललं होतं. म्हातारे, बाया, लुगडं खोचलेल्या नव्या सुना, सगळे. सहा-सात महिन्यांत त्यांनी ती माणूसभर खोल खांड जवळजवळ भरून काढली होती, कुणाच्या मदतीशिवाय.

चंद्रावती चिखलाने माखलेली पुढे आली. पस्तिशीची असेल. मचव्यातले तिघं कोण हे तिने ओळखलं आणि हात धुवायलाही ती थांबली नाही.

"पोती आत हायत," ती म्हणाली. "धाच्या धा. चला."

तिच्या घरात, सारवलेल्या माचावर, खाली पेंढा आणि बाजूला कडुलिंबाचा पाला घालून दहा पोती उभी होती. टिळे तसेच, हौसाबाईचे सरळ टाके तसेच. हौसाबाईने एकावर हात फिरवला. कोरडं ठणठणीत होतं. तिच्या स्वतःच्या घरी इतकं नीट राहिलं नसतं.

"आमी चोरीच केली," चंद्रावती म्हणाली. "नाय म्हनत नाय. पन कोनाचं पोट मारलं नाय. जेवढं नेलं तेवढं खायचं भात ठेवलं, वर थोडं जास्त. ते खाऊन कोनी उपाशी राहनार नाय. बी नेलं म्हनून त्यांचं शेत ओसाड राहील, हा विचार नंतर आला. तेव्हापासून एक पोतं उघडायचा धीर झाला नाय. घेऊन जा."

बाहेरून चिखल थापल्याचे आवाज येत होते.

काशिराम खोकले. नियम त्यांच्या जिभेवर होता, हे सगळ्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "चाळीस पोती बारा गावांना जेमतेम पुरतात. तेरावं गाव घेतलं तर कुणाचं तरी कमी पडेल. दयेने दाणे वाढत नाहीत, हौसाबाई."

"रहू करायचं म्हनून कमी पडतं," चंद्रावती म्हणाली. "मोड आलेलं बी चिखलात फेकायचं, त्यातलं काही पाखरं खातात, काही वाहून जातं. रोपं करून लावली तर निम्म्या बियान्यात भागेल. पन आमची सगळी जमीन खारी. पावसाने मीठ धुवून निगेपर्यंत कोवळं रोप करायचं कुठं? गोडी जमीन पायजे, उंचावरची."

हौसाबाई उकिडवी बसली होती ती सरळ झाली. "गोडी जमीन करंजाड्याला हाय."

सगळ्यांनी काशिरामांकडे पाहिलं. करंजाड्याला उंचावर, विहिरीच्या बाजूला त्यांचे स्वतःचे चार तुकडे होते.

"माझी आहे," काशिराम म्हणाले. ते थोडे गोंधळले होते. "म्हणजे भावकीची मिळून बरीच होईल. पण तेरा गावांची रोपं वाढवायची, उपटायची, मुठी बांधायच्या, एवढी माणसं आणायची कुठून?"

"चाळीस उंबऱ्यांत शंभर हात हायत," चंद्रावती म्हणाली. "बांध येत्या आठवड्यात होतो. मग आमी मोकळ्याच."

"आणि रोपं वाहायला मचवा आहे," ताहेर दारातून म्हणाला. "रिकामाच असतो."

धर्मराज इतका वेळ छताकडे बघत होता. आता तो वळला आणि थेट काशिरामांना म्हणाला, "मास्तर, बी आमचं, जमीन तुमची, हात यांचे. यात नियम कुठं आडवा येतो ते तुमीच सांगा."

हौसाबाई आपसूक सांगायला तोंड उघडणार, तोच काशिरामांनी उत्तर दिलं. "सोसायटी नोंदवावी लागेल. दहा सह्या लागतात, अंगठे चालतात. कागद माझ्याकडे आहे." त्यांनी खरोखरच पिशवीतून कोरा अर्ज काढला. "नियम मोडू नये, धर्मराज. पण माणूस दारात उभा असेल तर त्याला नियमात बसवून घ्यायला मला कोण अडवतंय? ते मी मार्गशीर्षातच करायला हवं होतं."

"मीपन," धर्मराज म्हणाला.

फौजदाराचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. उकड्या भाताचं काय करायचं हा प्रश्न मात्र निघाला, आणि तो चंद्रावतीनेच सोडवला. रोपं लावायला माणसं येतील त्यांना दुपारचं जेवण लागेलच. दहा पोती त्यालाच घालायची.

रविवारी बारा गावांची माणसं पनवेलला आली ती पोती न्यायला, आणि परत गेली ती करंजाड्याच्या वाफ्यांत आपापली वाटणी ठरवून. काही कुरकुरले. आपलं बी दुसऱ्याच्या जमिनीत टाकायचं म्हणजे काय, असं म्हणाले. पण आषाढात ते वाफे पाहायला आले तेव्हा कुरकुर राहिली नाही. एवढी दाट, हिरवीगार रोपं खाडीकाठच्या माणसाने पाहिली नव्हती. रोज सकाळी तिवरपाड्याच्या बाया मुठी बांधत, ताहेर भरतीला मचवा सोडी, आणि गावागावाचा वाटा त्या त्या बांधावर उतरे. हव्वाबी एकदा मुद्दाम त्याच मचव्यात बसून गेली. होडीतलं आपल्याला काय कळतं ते बघायला, असं तिने मुलाला ऐकवलं. उलव्याला लावणीच्या दिवशी काशिराम मास्तर धोतर खोचून खाचरात उतरले, दुसऱ्याच पावलाला गुडघाभर रुतले आणि धर्मराजने त्यांना खेचून काढताना दोघंही चिखलात बसले. सगळं शेत हसलं. दोघं हसले ते सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जास्त वेळ.

कार्तिकात तिवरपाड्याचं शेत तांबूस झालं. कापणीच्या आदल्या दिवशी चंद्रावतीने हौसाबाईला बोलावणं धाडलं. पुढल्या वर्षीचं बी निवडायला तुम्ही या, म्हणून.

हौसाबाई आली. बांधावर उभी राहून तिने सगळं शेत डोळे भरून पाहिलं. वाऱ्याने लोंब्या एकमेकींवर घासत होत्या. मग तिने कमरेचा विळा काढला आणि चंद्रावतीच्या हातात दिला.

"मी?" चंद्रावती म्हणाली. "मला नाय जमायचं. चुकेन मी."

"चुकशील. मीपन चुकले," हौसाबाई म्हणाली. "चल. पयली लोंबी कुठली घेशील, दाखव."

चंद्रावती शेतात उतरली. चार पावलं गेली, थांबली, एक लोंबी हातात धरून सोडून दिली, दुसरी धरली. हौसाबाई तिच्या मागोमाग चालत राहिली आणि एक शब्दही बोलली नाही.